दुर्गाबाई खोटे : नटी आणि निर्माती

सुशिक्षित घरांत दुर्गाबाई खोटे यांचें नांव निघालें, कीं एक ठराविक वाक्य हमखास ऐकावयास मिळतें. 'कुलीन घराण्यांतून चित्रपटांत आलेली पहिली स्त्री' हें तें वाक्य होय. तें आदरानेंच उच्चारलेलें असतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु थोडा विचार केला असतां त्यांत दोन दोष दिसून येतात. एक तर तें इतिहासास धरून नाहीं; आणि दुसरें असें, कीं दुर्गाबाईंनीं जवळजवळ साठ वर्षें जें काम केलें, त्याचा मोठा भाग या एका वाक्याच्या आड दडून राहतो. जन्मानें मिळालेल्या गोष्टीची स्तुति करावयाची आणि कष्टानें मिळविलेल्या गोष्टीचा उच्चारहि करावयाचा नाहीं, ही आमच्या समाजाची जुनी खोड आहे. म्हणून या बाईंचें चरित्र आमच्या वाचकांपुढें, आणि विशेषेंकरून वाचकभगिनींपुढें, थोड्या निराळ्या बाजूनें मांडावें असें आम्हीं योजिलें आहे.

नाट्यकलेला स्त्रीची गरज आहे, ही गोष्ट कांहीं इंग्रजी विद्येनें आम्हांस शिकविलेली नाहीं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत अशी कथा आहे, कीं भरतानें आपल्या शंभर पुत्रांस हाताशीं घेऊन नाट्याचा अभ्यास आरंभिला. भारती, सात्त्वती आणि आरभटी या तीन वृत्ति त्यांना साधल्या. चौथी जी कैशिकी, म्हणजे लालित्याची व शृंगाराची वृत्ति, ती मात्र स्त्रियांवांचून नुसत्या पुरुषांस साधणें शक्य नाहीं, असें भरतानें ब्रह्मदेवास सांगितलें. आणि तेव्हां ब्रह्मदेवानें अप्सरा निर्माण करून त्याच्या स्वाधीन केल्या. म्हणजे शास्त्रास अडचण दिसली होती आणि शास्त्रानें ती सोडविलीहि होती. परंतु पुढें स्मृतिकारांनीं कुशीलवांस, म्हणजे नटांस, श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें. आणि कला एका बाजूस व प्रतिष्ठा दुसऱ्या बाजूस, अशी वांटणी कायमची होऊन बसली. नाटक पाहावयास पहिल्या रांगेंत बसावयाचें आणि नटाला मात्र घरच्या पानावर बसवावयाचें नाहीं, अशी आमच्या वाडवडिलांची रीत होती. स्त्रीच्या बाबतींत तर ती दसपट कडक होती. त्यामुळेंच मराठी रंगभूमीवर स्त्रियांचीं कामें पुरुष करीत, आणि बालगंधर्वांसारखा असामान्य पुरुष तीं करूं लागल्यावर तर खऱ्या स्त्रीची उणीवहि कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्यांतील तारामतीसाठीं फाळक्यांनीं शोध करावयाचें बाकी ठेविलें नव्हतें. नाटकमंडळ्या, जाहिराती, सर्व उपाय थकले. पोटासाठीं नाचगाणें करणाऱ्या बायकांनींहि कॅमेऱ्यापुढें येण्यास नकार दिला. अखेर एका उपाहारगृहांतील आचारी, अण्णा साळुंके, यांस लुगडें नेसवून अयोध्येची राणी करावें लागलें. हेच साळुंके पुढें १९१७ च्या 'लंकादहन' मध्यें राम आणि सीता दोन्ही झाले.

पण त्याच १९१३ सालीं फाळक्यांनीं 'मोहिनी भस्मासुर' हा दुसरा मूकपट तयार केला, आणि त्यांत पार्वतीचें काम दुर्गाबाई कामत यांनीं व मोहिनीचें काम त्यांची कन्या कमलाबाई हिनें केलें. या दुर्गाबाई कामत ब्राह्मण घरच्या. पतीपासून वेगळें व्हावें लागल्यावर लहान मुलीस घेऊन त्या फिरत्या नाटकमंडळींत शिरल्या, आणि त्याबद्दल जातीनें त्यांस वाळींत टाकलें. कमलाबाई पुढें गोखल्यांच्या घरीं पडल्या. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. तेव्हां 'पहिली कुलीन नटी' हा मान द्यावयाचाच असेल तर तो दुर्गाबाई खोटे यांच्या आधीं अठरा वर्षें दुसऱ्या एका दुर्गाबाईचा होता. तिला तो मिळाला नाहीं, याचें कारण उघड आहे. तिच्यामागें पैसा नव्हता, मोठें माहेर नव्हतें, आणि घराबाहेर पाऊल टाकतांच तिची कुलीनता समाजानें काढून घेतली होती. जी वस्तु अडचणीच्या दिवशीं काढून घेतां येते आणि कीर्तीच्या दिवशीं परत चिकटवितां येते, तिची किंमत काय करावी, हें वाचकांनींच ठरवावें.

दुर्गाबाई खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचें आडनांव लाड, माहेरचें नांव विठा. लाड कुटुंब मूळ गोव्याकडचें, घरांत कोंकणी बोलणारें. वडील पांडुरंगराव मुंबईस सॉलिसिटर. गिरगांवांतील मोठें एकत्र कुटुंब, मुलींस कॅथीड्रल शाळेंत इंग्रजी शिक्षण, पुढें सेंट झेविअर महाविद्यालय. असें शिक्षण त्या काळीं फार थोड्या मराठी मुलींस लाभलें. मग रीतीप्रमाणें लहान वयांत विवाह झाला. पति विश्वनाथराव खोटे यंत्रशास्त्र शिकलेले, घराणें श्रीमंत. येथपर्यंत सर्व कांहीं त्या वेळच्या कोणत्याहि सुखवस्तु मुलीसारखेंच. पण सासरची संपत्ति पाहतां पाहतां ओसरली. बकुळ व हरीन हे दोन लहान मुलगे पदरीं, आणि हातांत स्वतःची अशी मिळकत कांहीं नाहीं. दुर्गाबाईंनीं प्रथम शिकवण्या धरल्या. शिकवण्यांवर संसार किती चालतो, हें आमच्यासारख्या मास्तरास कोणी सांगावयास नको.

अशा स्थितींत १९३१ सालीं मोहन भवनानी या दिग्दर्शकाच्या 'फरेबी जाल' या चित्रपटांतील एक लहानसें काम पुढें आलें. चित्रपट मूकच होता; नुकताच बोलपट निघाल्यामुळें त्यास बोलण्यागाण्याचा तुकडा जोडावयाचा होता. भवनानींचा निरोप प्रथम दुर्गाबाईंच्या बहिणीकडे, शालिनीबाईंकडे, आला होता. त्यांनीं नकार दिला आणि दुर्गाबाईंचें नांव सुचविलें. पैशाची गरज होती, दुर्गाबाई गेल्या. आणि येथें कुलीनतेचा व्यापार सुरू झाला. लाडांची कन्या आणि खोट्यांची सून पडद्यावर पाहा, अशा थाटाची जाहिरात झाली. चित्रपट हलक्या प्रतीचा निघाला. वर्तमानपत्रांतून व गिरगांवच्या चाळींतून जी टीका उठली, ती चित्रपटकर्त्याच्या वांट्यास आली नाहीं. ती सगळी त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या बाईच्या वांट्यास आली. पैसा ज्यानें घराण्याच्या नांवावर मिळविला तो निराळा, आणि घराण्याच्या नांवास बट्टा लावल्याचा दोष जिच्यावर आला ती निराळी. दुर्गाबाई पुन्हां घराबाहेर पडल्या नसत्या, तर त्यांस कोणीहि नांव ठेविलें नसतें. कोणी त्यांचें भाडेंहि भरलें नसतें.

याच चित्रपटांत शांतारामबापूंनीं त्यांस पाहिलें. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं निघालेली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पांच भागीदार. मूकपट मागें पडून बोलपट येत होता, आणि प्रभातला आपला पहिला बोलपट हरिश्चंद्राच्या कथेवर करावयाचा होता. पुन्हां तारामतीचा प्रश्न आला! लाडांच्या घरीं वाटाघाटी झाल्या. एकदां पोळलेल्या वडिलांनीं सर्व गोष्टींची नीट खात्री करून घेतली आणि मग संमति दिली. आम्हांस वाटतें, कीं या चरित्रांत पांडुरंगरावांचा हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. मुलीचें पहिलें पाऊल फसल्यावर तिला कोंडून ठेवणारे बाप शेंकडों असतात. दुसरें पाऊल अधिक चांगल्या जागीं टाक असें सांगणारा विरळा.

'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं प्रकाशित झाला. मराठींतला पहिला बोलपट म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले व संगीतहि त्यांचेंच. बाबूराव पेंढारकर गंगनाथ. आजच्या वाचकास त्या वेळच्या कामाची कल्पना येणें कठीण आहे. पार्श्वगायनाची पद्धत रूढ व्हावयास १९३५ साल उजाडावें लागलें. तोंवर जो पडद्यावर दिसेल त्यानेंच, आणि चित्रण चालू असतांनाच, गावें लागे. वाजविणारे चौकटीच्या बाहेर लपून बसत, आणि एखाद्याची टाळी चुकली कीं सगळेंच पुन्हां. शिवाय हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत होता. म्हणजे प्रत्येक प्रसंग आधीं एका भाषेंत व मग दुसऱ्या भाषेंत असा दोनदां उभा करावयाचा. राणी दासी होते, मुलगा सर्पदंशानें जातो, स्मशानांत पति कर मागतो, हें सारें दोनदां. शब्दोच्चार स्वच्छ हवा, गळा हवा, पाठांतर हवें, आणि मोठ्या दिव्यांच्या झळा सोसण्याची ताकद हवी. नाटकाची तालीम ज्यांनीं कधीं घेतलेली नाहीं, अशा बाईंनीं हें पार पाडलें. एकोणीस वर्षांपूर्वीं जी तारामती आचाऱ्याच्या अंगानें पडद्यावर आली होती, ती या वेळीं स्त्रीच्या अंगानें व स्त्रीच्या आवाजानें आली.

आम्हीं 'अयोध्येचा राजा' पाहिला तो फार उशिरां, दूरदर्शनवर. त्यांतील कांहीं अभिनय आज नाटकी वाटतो हें कबूल केलें पाहिजे. चालणें बोलणें संथ आहे, आणि पदें जागोजागीं कथेस अडवितात. पण तारामतीचा चेहरा मात्र जुना झालेला नाहीं. ती दासीपणांतहि मान खालीं घालीत नाहीं. हा ताठा दुर्गाबाईंच्या सर्व कामांतून शेवटपर्यंत राहिला.

त्याच वर्षीं प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. त्यांत स्त्रीराज्याची राणी किलोतला त्यांनीं केली. पुरुषांस राज्यांत मज्जाव करणारी, चित्ता पाळणारी राणी. हरिश्चंद्राच्या पाठोपाठ हें काम दिलें गेलें आणि तें त्यांनीं घेतलें, यांत दोघांचाहि धीटपणा दिसतो. पतिव्रता म्हणून लोकांनीं डोक्यावर घेतलेली नटी दुसऱ्याच महिन्यांत पतिव्रताच करीत राहती, तर अधिक सुरक्षित असती.

यानंतर त्यांनीं जें केलें तें आमच्या मतें पहिल्या बोलपटाहून मोठें आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. त्या काळीं चित्रपटाचा धंदा संस्थांच्या हातीं होता. प्रभात, कलकत्त्याचें न्यू थिएटर्स, पुढें बॉम्बे टॉकीज, या सर्व संस्था नटनटींस महिन्याच्या पगारावर ठेवीत. सकाळीं हजेरी, संध्याकाळीं सुटी. दुसऱ्या संस्थेंत काम करण्यास बंदी. अशा नोकरींत सुरक्षितता असते, पण कोणतें काम करावयाचें हें मालक ठरवितो. दुर्गाबाईंनीं कोणा एका संस्थेस स्वतःस बांधून घेतलें नाहीं. ज्या चित्रपटांत काम आवडेल त्याचा करार करावयाचा आणि तो संपला कीं मोकळें व्हावयाचें, ही रीत हिंदी चित्रपटसृष्टींत आरंभीं ज्यांनीं पाडली त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. त्या कलकत्त्यास गेल्या आणि देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' मध्यें १९३३ सालीं मीरा झाल्या. पुढच्याच वर्षीं बोस यांच्याच 'सीता' मध्यें सीता झाल्या. पृथ्वीराज कपूर राम होते. हा 'सीता' १९३४ सालीं इटलींत व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत दाखविला गेला, आणि परदेशच्या अशा महोत्सवांत गेलेला पहिला हिंदी बोलपट म्हणून त्याची नोंद आहे. जातां जातां एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुर्गाबाई मीरा झाल्यानंतर चार वर्षांनीं, १९३७ सालीं, 'साध्वी मीराबाई' या बोलपटांत मीरेचें काम बालगंधर्वांनीं केलें. रंगभूमीवर जें नव्वद घटका शोभलें तें पडद्यावर शोभलें नाहीं. बालगंधर्वांविषयींचा आमचा आदर यत्किंचितहि उणा नाहीं. पण कॅमेरा फार जवळून पाहतो, आणि तोंवर प्रेक्षकांनीं खरी मीरा पाहिलेली होती.

कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई असा हा प्रवास दोन मुलांची आई करीत होती, हें विसरतां कामा नये. १९३६ सालीं त्या पुन्हां प्रभातमध्यें आल्या. प्रभात आतां पुण्यास होती. 'अमरज्योति' मधील सौदामिनी हें त्यांचें काम आमच्या मतें त्या दशकांतलें सर्वांत धाडसी काम होय. सौदामिनीस स्वतःच्या मुलावर हक्क नाकारला जातो. न्याय देणारा दुर्जय तिला सांगतो, कीं कायद्यानें स्त्री ही पतीची दासी आहे. तेव्हां ती समुद्रावर जाऊन चांचेगिरी पत्करते आणि त्या न्यायाधिकाऱ्याचा सूड घेते. चंद्रमोहन यांनीं दुर्जय केला होता. कथा काल्पनिक राज्यांतली, पण प्रश्न त्या दिवसांत आमच्या घरांतलाच होता. १९३७ चा हिंदु विधवांच्या वारशाचा कायदा तोंवर झालेला नव्हता, आणि घटस्फोटाची तर गोष्टच नको. ज्या सभ्य गृहस्थांनीं तारामतीसाठीं डोळे पुसले होते, त्यांनींच सौदामिनीसाठीं टाळ्या वाजविल्या. त्यांतल्या कितींनीं घरीं जाऊन बायकोच्या नांवानें कांहीं केलें, हें विचारूं नये.

याच दशकाच्या उत्तरार्धांत दुर्गाबाई निर्मितीच्या बाजूस वळल्या. 'सवंगडी', हिंदींत 'साथी', हा त्यांच्या निर्मितीचा बोलपट. हिंदुस्थानांत चित्रपटनिर्मिति हातीं घेणाऱ्या आरंभींच्या थोड्या स्त्रियांत त्यांची गणना होते ती यामुळें. नटी आणि निर्माती यांत काय अंतर आहे, तें घरच्या भाषेंत सांगावयाचें तर असें : नटी ही पंक्तींत वाढावयास येते, निर्मातीस धान्य भरण्यापासून उष्टीं काढण्यापर्यंत सगळें पाहावें लागतें. भांडवल उभें करावयाचें, जागा व यंत्रें भाड्यानें घ्यावयाचीं, कच्ची फिल्म विकत आणावयाची, पगार वेळेवर द्यावयाचे, मग तयार चित्रपट वितरकांच्या गळीं उतरवावयाचा, आणि तो पडला तर तोटा एकट्यानें सोसावयाचा. ज्या समाजांत बाईच्या सहीवर पतपेढी पैसा देत नसे, त्या समाजांत हें काम एका स्त्रीनें अंगावर घेतलें.

हें धाडस आमच्याच देशांत घडलें असें मात्र नाहीं. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें मारिया विल्यम्स या आफ्रिकी वंशाच्या बाईंनीं १९२३ सालीं 'फ्लेम्स ऑफ रॉथ' हा पांच रिळांचा मूकपट काढला. कथा त्यांची, निर्मिति त्यांची, आणि त्यांत एक कामहि त्यांनींच केलें. त्यापूर्वीं त्यांनीं वर्तमानपत्राचें संपादन केलें होतें, व्याख्यानें दिलीं होतीं. त्या वंशाच्या स्त्रियांतली पहिली चित्रपटनिर्माती म्हणून त्यांचें नांव सांगतात. त्यांच्या प्रेक्षकांस गोऱ्यांच्या चित्रगृहांत मागच्या दारानें वर माडीवर बसावें लागे, म्हणून त्या लोकांनीं आपलीं चित्रगृहें व आपले चित्रपट वेगळे उभे केले. आमच्या महाडास चवदार तळें आहे आणि १९२७ च्या मार्च महिन्यांत त्या तळ्यावर काय घडलें हें जगास ठाऊक आहे. तेव्हां माणसाचें बसावयाचें ठिकाण आणि पाणी प्यावयाचें ठिकाण जन्मावरून ठरविण्याची रीत आम्हांस समजावून सांगावी लागत नाहीं. १९३२ च्या आरंभीं, म्हणजे इकडे 'अयोध्येचा राजा' प्रकाशित होत होता त्या सुमारास, तिकडे कोणा अनोळखी इसमानें आजारी भावाच्या नांवानें मदत मागून मारियाबाईंस घराबाहेर नेलें आणि रस्त्यावर गोळी घालून ठार केलें. खुनाचा तपास लागला नाहीं. त्यांच्या चित्रपटाची आज एकच चौकट शिल्लक आहे. दुर्गाबाईंस माहेर होतें, इंग्रजी विद्या होती, वडिलांचें नांव होतें. म्हणून त्यांच्या धैर्यास कमीपणा येत नाहीं. पण ज्यांना यांपैकीं कांहीं नव्हतें त्यांचें धैर्य आम्हीं मोजावयास विसरतों, एवढें ध्यानांत यावें म्हणून हें येथें सांगितलें.

आणि म्हणूनच त्या 'कुलीन' शब्दाचा आम्हांस कंटाळा आहे. मराठी व हिंदी पडद्यावरील पहिल्या पिढींत कितीतरी नट्या कलावंतिणींच्या घरांतून आल्या. गाणें, पाठांतर, चेहऱ्यावरचा भाव, या सगळ्याची परंपरा त्यांच्याकडे होती. दुर्गाबाईंस कुलीन म्हटलें, कीं त्या सर्वजणी न बोलतां अकुलीन ठरतात.

पुढच्या काळांत दुर्गाबाईंनीं आणखी एक गोष्ट केली, जी सुंदर नटीस सहसा जमत नाहीं. त्यांनीं वय लपविलें नाहीं. १९४१ सालीं आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी' मध्यें, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं सुनेस छळणारी सासू केली. सून वनमाला. त्याच्या दुसऱ्या वर्षीं विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप' मध्यें त्या कैकेयी झाल्या. सीता या वेळीं शोभना समर्थ होत्या. बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघानें उत्तम अभिनयाचें पारितोषिक त्यांस दिलें तें याच दोन कामांसाठीं. आठ वर्षांपूर्वींची सीता स्वतः होऊन कैकेयी होते, आणि त्यांतच अधिक यश मिळविते, हें पाहून आम्हांस वाल्मीकीची आठवण होते. त्यानेंहि कैकेयीस राक्षसी केलेलें नाहीं.

रंगभूमीचें ऋण तर वेगळेंच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांतून त्यांनीं नानासाहेब फाटकांच्या समोर 'भाऊबंदकी' मधील आनंदीबाई केली. आणि शिरवाडकरांनीं शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' वरून रचिलेल्या 'राजमुकुट' मध्यें १९५४ सालीं त्या राणी झाल्या. १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांचा गौरव केला, आणि १९६१ सालीं दिल्लीस भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. ज्या बाईस बोलपटानें घडविलें, तिला रंगभूमीनें आपली म्हटलें. हा प्रवास सहसा उलट्या दिशेनें होतो.

आमच्या पिढीस मात्र दुर्गाबाई ठाऊक झाल्या त्या आई आणि आजी म्हणून. आमचें वीर हें महाड तालुक्यांतलें खेडें. आमच्या लहानपणीं चित्रपट पाहावयाचा तर महाडास जावें लागे, किंवा श्रीवीरेश्वराच्या छबिन्याच्या दिवसांत येणाऱ्या तंबूची वाट पाहावी लागे. 'मोगल-ए-आझम' मधील जोधाबाई आम्हीं अशाच तंबूंत, चटईवर बसून, मध्येंच रीळ तुटत असतां पाहिली. एकीकडे अकबर आणि एकीकडे सलीम, आणि मधें ही आई. तिच्या वांट्यास संवाद थोडे, पण ती दिसली कीं तंबूंतल्या बायका गप्प होत. 'बॉबी' मधील ख्रिस्ती आजी पाहिली तेव्हां आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं, ही तर आमची तारामती, असें म्हणून कपाळास हात लाविला होता. कौतुकानें कीं हळहळीनें, हें आम्हांस त्या वयांत कळलें नाहीं. १९७४ च्या 'बिदाई' साठीं त्यांस फिल्मफेअरचें पारितोषिक मिळालें. १९६८ सालीं पद्मश्री मिळालेली होतीच. आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस देण्यांत आला. सत्तर वर्षांपूर्वीं ज्या फाळक्यांस तारामतीसाठीं एक स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा हा पुरस्कार होता.

घरची दुःखें चुकलीं नाहींत. वैधव्य अकालीं आलें. पुत्र हरीन ऐन उमेदींत गेला. त्याच्या पत्नी विजयाबाई, पुढें विजया मेहता या नांवानें मराठी रंगभूमीच्या थोर दिग्दर्शिका झाल्या. या सगळ्यांतून दुर्गाबाईंचें काम थांबलें नाहीं. स्वातंत्र्यानंतरच्या काळांत त्यांनीं 'फॅक्ट फिल्म्स' ही संस्था काढून लघुपट व माहितीपट तयार केले. नंतर 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या नांवाखालीं लघुपट व जाहिरातपट. तारामती आतां साबण आणि चहाच्या जाहिराती करते काय, असें म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले असतील. आम्हांस यांत कमीपणा दिसत नाहीं. मोठा चित्रपट काढून एका फटक्यांत बुडणारे निर्माते पुष्कळ. लहान कामें वेळेवर व नेटकीं करून दर महिन्यास माणसांचे पगार भागविणारी संस्था वर्षानुवर्षें चालविणें, हें कोणत्याहि गृहिणीस अधिक चांगलें समजेल. १९३१ सालीं ज्यांच्या नांवाची जाहिरात दुसऱ्यानें केली होती, त्या आतां जाहिराती स्वतः करून त्यांचे पैसे मोजून घेत होत्या.

त्यांनीं आत्मचरित्र लिहिलें तें मराठींत. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या, घरीं कोंकणी व जन्मभर हिंदी बोललेल्या या बाईंचें 'मी, दुर्गा खोटे' हें पुस्तक १९८२ सालीं निघालें. शांता गोखले यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २००६ सालीं प्रसिद्ध झालें. पहिल्या चित्रपटानंतरची नाचक्की त्यांनीं त्यांत झांकलेली नाहीं.

१९८८ सालीं दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांनीं रेखाटलेल्या सामान्य माणसाच्या चित्रांवरून ती रचिलेली. दिग्दर्शन कुंदन शाह यांचें. तुटपुंजा पगार, घरचे हिशेब, साहेबाची धास्ती, असलें तिचें जग. आमच्या गांवांत ज्यांच्या घरीं दूरदर्शनचा संच होता, त्यांच्या ओटीवर तेव्हां बसावयास जागा मिळत नसे. मालिका संपतांना नांवें सरकत, आणि निर्मितीच्या ओळींत दुर्गाबाईंच्या संस्थेचें नांव येई. पण तोंवर बहुतेक मंडळी उठून गेलेली असत. दुर्गाबाई त्या वेळीं त्र्यांशी वर्षांच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं मुंबईस त्या निवर्तल्या.